फवारणी थांबते तेव्हा: फवारणी यंत्रावर काम करणाऱ्यांचे डोळे रसायनापासून कसे वाचवावेत

नोझल तुंबतं. धार आधी वाकडी होते, मग थेंब-थेंब पडतात, मग तेही बंद. काम करणारा खटका सोडतो, घामाने धुरकटलेला गॉगल कपाळावर सरकवतो, नोझल नाकासमोर धरतो आणि भोकात काय अडकलंय ते बघत बघत काडी घालतो. नळीत दाब तसाच असतो. कचरा सुटतो आणि धार सरळ डोळ्यात.

फवारणीच्या कामातल्या डोळ्यांच्या अपघातांबद्दल जे मला कळलंय ते बरंचसं या एका प्रसंगात मावतं. धोका फवारणी चालू असताना असतोच, पण त्या वेळी नोझल अंगापासून लांब असतं, गॉगल डोळ्यांवर असतो आणि लक्षही असतं. घात होतो तो काम थांबल्यावर: झाकण उघडताना, औषध मोजताना, नळी सोडवताना, पंप धुताना, हातमोजे काढून घाम पुसताना. त्यामुळे ‘फवारताना गॉगल घाला’ ही सूचना मला अपुरी वाटते. डबा उघडण्याआधी गॉगल चढवायचा आणि यंत्र धुऊन, हात धुऊन झाल्यावरच उतरवायचा, हा खरा नियम. पुढची सगळी पावलं त्याच्याभोवती आहेत. शेतातला पाठीवरचा पंप असो, रंगाची एअरलेस गन (हवेशिवाय, नुसत्या दाबाने रंग उडवणारी) असो, जंतुनाशकाचा फवारा असो की फोमची सफाई, क्रम तोच राहतो.

आधी डबा वाचा

डोळ्याला सगळी रसायनं सारखी नसतात. ॲसिडची भीती सगळ्यांना असते, पण डोळ्याच्या बाबतीत अल्कली, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला आम्लारी, बहुधा जास्त घातक ठरतो. ॲसिड लागलं की पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि त्या गोठलेल्या थराचाच थोडाफार अडसर तयार होतो. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करतो आणि वाट काढत आत शिरत राहतो. काही मिनिटांत तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा ओलांडून डोळ्याच्या आतल्या द्रवापर्यंत पोहोचू शकतो. ॲसिडमध्येही हायड्रोफ्लोरिक ॲसिड हा अपवाद आहे. धातू आणि चाकं चकचकीत करणाऱ्या काही क्लीनरमध्ये ते किंवा त्याचे क्षार असतात आणि तेही खोलवर उतरतं.

आता फवाऱ्यात काय काय भरलं जातं ते पाहा. चुन्याची निवळी, चुना आणि मोरचूद मिसळलेलं बोर्डो मिश्रण, चुना-गंधकाचं द्रावण, कॉस्टिक सोड्याचा फोम, सोडियम हायपोक्लोराइट: हे सगळे अल्कलीच्या बाजूचे. चुन्यात आणखी एक खोड आहे. त्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात आणि वरून कितीही पाणी घेतलं तरी तिथून हळूहळू विरघळत राहतात.

फायबरग्लासच्या कामात रेझिन घट्ट करायला जे पेरॉक्साइड हार्डनर वापरतात, त्याचा एखादा थेंबही कायमची इजा करू शकतो. तिथे धुण्याला काही सेकंदांचा उशीरही महागात पडतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं डोळ्यातून अंगात भिनतात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, दिसायला अंधूक लागतं, आणि प्रश्न मग फक्त डोळ्याचा राहत नाही. पॅराक्वाटसारखं तणनाशक गेलं तर सुरुवातीला नुसती चुरचूर वाटू शकते, खरी जखम नंतर उघडी पडते. ‘आत्ता बरं वाटतंय’ यावर म्हणून भरवसा ठेवायचा नाही.

डब्यावर काय शोधायचं? हातावर आणि धातूच्या पट्टीवर थेंब पडून ते झिजतायत असं चित्र लाल किनारीच्या चौकटीत असेल तर माल दाहक आहे. सोबत एच314 किंवा एच318 असा संकेत असेल तर डोळ्याला गंभीर, कदाचित न भरून येणारी इजा होऊ शकते. एच319 म्हणजे तीव्र जळजळ. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला एसडीएस म्हणतात, ते मागून घ्या. त्याचे 16 विभाग असतात. सगळे वाचायचा कंटाळा येणं साहजिक आहे, म्हणून निदान तीन वाचा: 4 मध्ये प्रथमोपचार, 8 मध्ये कोणती संरक्षक साधनं, आणि 9 मध्ये सामू (पीएच), म्हणजे रसायन किती ॲसिडी की अल्कली आहे ते सांगणारा आकडा. सामू 2 किंवा त्याहून कमी, अथवा 11.5 किंवा त्याहून जास्त दिसला तर ते रसायन डोळा जाळणारं आहे असंच समजून तयारी करा.

एक गोष्ट मी अजिबात चालवून घेत नाही: दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवलेलं, चिठ्ठी नसलेलं औषध. अपघात झाल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘काय गेलं?’ हाच असतो आणि तिथे ‘ते पांढरं असतं ना, ते’ हे उत्तर काही कामाचं नाही.

यंत्र साध्या पाण्यावर तपासा

औषध भरण्याआधी टाकीत स्वच्छ पाणी भरा, पूर्ण दाब द्या आणि झाकणापासून नोझलपर्यंत हात फिरवा. ओलं कुठे लागतंय ते बघा. झाकणाचं वॉशर, खटक्याखालचा सांधा, नळी जिथे वाकते ती जागा आणि नोझलची टोपी, गळती बहुतेक या चार ठिकाणी सापडते. नळीवर चिरा दिसल्या तर तार किंवा चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नका. दाबाखाली ती पट्टी सुटते आणि सुटताना ती कुणाच्या तोंडाकडे असेल हे आपल्या हातात नसतं. पाठीवरच्या पंपात झाकण सैल असेल तर माणूस खाली वाकला की मानेवरून औषध ओघळतं, आणि तिथून डोळ्यापर्यंतचा रस्ता घाम दाखवतो.

दाबाचा अंदाज असू द्या. पाठीवरचा साधा पंप साधारण 2 ते 4 बार (बार हे दाबाचं एकक) इतक्या दाबावर चालतो. रंगाच्या एअरलेस यंत्रात दाब 200 बारच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. तिथली धार कातडी भेदून आत शिरते. त्या यंत्राची गन कुणाकडेही रोखायची नाही, गळतीवर बोट ठेवायचं नाही, आणि काम थांबलं की खटक्याचं कुलूप लावायचं, दोन मिनिटांसाठी थांबलं तरी.

आधी हवा भरून मग फवारायच्या पंपाबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याचा दांडा फिरवून उघडायचा असतो. आत दाब शिल्लक असताना तो फिरवला तर अख्खा दांडा वर उसळू शकतो, आणि त्याच्या बरोब्बर वर उघडणाऱ्याचा चेहरा असतो. आधी दाब सोडायची झडप उचला, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग दांड्याला हात लावा. झडप नसेल किंवा अडकली असेल, तर नोझल खाली धरून खटका दाबा आणि धार संपेपर्यंत सोडू नका.

मिसळणं: दिवसातली सगळ्यात जोखमीची पाच मिनिटं

टाकीतलं द्रावण पातळ केलेलं असतं. डब्यातलं नसतं. ज्या थेंबाने फवारताना नुसती चुरचूर झाली असती, तोच थेंब मिसळताना उडाला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून मिसळताना गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही हवं.

डबा जमिनीवर किंवा कमरेइतक्या उंच बाकावर ठेवा. डोळ्यांच्या पातळीवर धरून मोजमाप करू नका. मापातली रेघ नीट दिसत नाही म्हणून माप वर उचलण्याची सवय फार जणांना असते, त्यापेक्षा आपण खाली वाका, पण चेहरा थोडा बाजूला ठेवून. टाकीत आधी पाणी, मग औषध. ॲसिड आणि कॉस्टिकच्या बाबतीत हा क्रम उलटला तर उष्णता निर्माण होऊन द्रावण उकळून उडतं. भुकटी असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, पिशवीचं तोंड कात्रीने कापून, हळू ओता. पिशवी दोन्ही हातांनी फाडली की पहिला ढग सरळ चेहऱ्यावर येतो. हायपोक्लोराइट आणि ॲसिडचा क्लीनर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो डोळ्यांसोबत श्वासही धरतो.

टाकी काठोकाठ भरू नये. चार बोटं जागा सोडा.

गॉगल: कोणता, कसा, आणि धुरकटला तर काय

साधा नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. त्याच्या वरून, खालून आणि बाजूने थेंब आत जातात, आणि काचेच्या आतल्या बाजूवर आपटलेला थेंब परत डोळ्याकडेच उडतो. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगसाठी मिळणारे बाजूला जाळी असलेले चष्मेही इथे कामाचे नाहीत, ते उडणाऱ्या तुकड्यांसाठी आहेत. फक्त फेस शील्ड लावली तरी भागत नाही, कारण हनुवटीखालून येणारं तुषार ती अडवत नाही. शील्ड गॉगलवर लावायची, गॉगलऐवजी नाही.

हवा तो रासायनिक गॉगल: चेहऱ्याला चहूबाजूंनी टेकणारा, मागे रुंद इलॅस्टिकचा पट्टा असलेला. त्याची हवा जायची भोकं नीट बघा. नुसती आरपार भोकं असतील तर थेंब आत येतो. भोकांवर टोपीसारखं आवरण असून हवा वळसा घेऊन आत येत असेल, तर तो द्रवासाठी. खूण शोधायची झाली तर युरोपच्या ईएन 166 मानकात फ्रेमवरचा 3 हा आकडा थेंब आणि शिंतोड्यांसाठी असतो, अमेरिकेच्या एएनएसआय झेड87.1 मध्ये डी3. आकडा 5 किंवा डी5 असेल तर तो बारीक धुळीसाठी तपासलेला आहे. नंबर असलेल्यांनी चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल घ्यावा. रंग किंवा वाफ सोडणाऱ्या द्रावकाची फवारणी असेल आणि श्वसन-मास्क लागणारच असेल, तर पूर्ण चेहऱ्याचा मास्क सगळ्यात बरा. डोळे आणि नाक दोन्ही एकाच साधनात झाकले जातात आणि अर्ध्या मास्कवर गॉगल नीट न बसण्याची कटकटही संपते.

आता खरी अडचण. कामगार गॉगल का काढतो? निष्काळजी असतो म्हणून नाही. दिसत नाही म्हणून काढतो. घामाची वाफ काचेवर बसते, समोरचं धुकं होतं, आणि पडण्यापेक्षा गॉगल काढलेला बरा असं त्याला वाटतं. त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही. तेव्हा ‘घालत नाहीत’ म्हणून ओरडण्याआधी देखरेख करणाऱ्याने स्वतः तो गॉगल घालून उन्हात अर्धा तास उभं राहावं. उपाय आहेत. काचेच्या आतल्या बाजूला धुकेरोधक लेप असलेलाच गॉगल घ्या. तो लेप कोरड्या फडक्याने पुसला की निघून जातो, म्हणून सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा आणि टिपून, न घासता, वाळू द्या. कपाळावर घाम शोषणारी पट्टी गॉगलच्या वर बांधा, काठाखाली नाही, नाहीतर तिथे फट राहते. पट्टा इतका आवळू नका की हवाच खेळणार नाही. प्रत्येकाकडे दोन गॉगल असावेत. एक धुरकटला की माणूस फवारणीच्या जागेपासून लांब जातो, हातमोजे धुतो, दुसरा चढवतो आणि कामाला लागतो. चरे पडलेली काच बदलून टाका. अस्पष्ट दिसणारा गॉगल कुणीही डोळ्यांवर ठेवत नाही.

गॉगल नीट बसला की नाही हे बघायला तो चेहऱ्यावर ठेवा, पट्टा न लावता हलकेच दाबा, आणि काठ सगळीकडून कातडीला टेकतोय का ते बोटाने चाचपा. नाकाच्या बाजूला फट असेल तर तो मापाचा नाही. एकाच मापाचे गॉगल सगळ्यांना वाटून टाकणं ही कागदोपत्री सुरक्षा.

फवारताना

वारा पाठीवर किंवा बाजूने असू द्या, आणि फवारलेल्या भागातून चालत जायचं नाही, त्यापासून दूर सरकत जायचं. फार बारीक तुषार लांब वाहतं, म्हणून शक्य असेल तिथे थोडं मोठ्या थेंबाचं नोझल आणि कमी दाब. डोक्याच्या वर, झाडाच्या शेंड्याकडे किंवा छताकडे फवारणी असेल तर फेस शील्ड आणि टोपी लागतेच, कारण पडणारा थेंब तुमच्याच चेहऱ्यावर येतो. दोघं जण काम करत असतील तर एकमेकांच्या तुषारात उभं राहू नये. हे सांगायला सोपं आहे, बोलता बोलता माणसं सरकत जवळ येतात.

घाम पुसायचा असेल तर हातमोजे धुऊन, काढून, स्वच्छ फडक्याने. बाहीने नाही. बाही दिवसभर फवाऱ्यात भिजलेली असते.

नोझल तुंबलं तर

1. खटका सोडा आणि त्याचं कुलूप लावा. गॉगल डोळ्यांवरच.
2. पंप बंद करा किंवा हवा मारणं थांबवा.
3. नोझल जमिनीकडे, अंगापासून लांब धरा आणि कुलूप काढून दाब पूर्ण सोडा. तुंबलेल्या नोझलमधून दाब जाणार नाही, हे इथे विसरलं जातं. टाकीची झडप किंवा यंत्राचा निचरा-वॉल्व्ह उघडूनच तो काढावा लागतो.
4. नोझलची टोपी हळू सैल करा, एका आट्यावर थांबा. आत उरलेला दाब असला तर तो फिसकारून बाहेर येतो. मग पूर्ण काढा.
5. पाण्यात धरून मऊ ब्रशने साफ करा. तार आणि सुईने भोकाचा आकार बिघडतो आणि धार कायमची वाकडी होते. तोंडाने फुंकर मारणं तर अजिबात नाही. औषध ओठांवर येतं आणि चेहरा नोझलला चिकटतो.
6. गाळणीही तपासा. रोज तुंबत असेल तर दोष नोझलचा नसून गाळणीचा किंवा पाण्याचा असतो.

शक्य असेल तर धुतलेलं जादा नोझल खिशात न ठेवता एका झाकणाच्या डबीत ठेवा. तुंबलेलं बदलायला एक मिनिट लागतं, साफसफाई संध्याकाळी निवांत करता येते.

काढण्याचा क्रम

हातमोजे हातात असतानाच साबणाच्या पाण्याने धुवा. मग फेस शील्ड काढा, मग अंगावरचे कपडे. मग हातमोजे काढून हात धुवा. गॉगल सगळ्यात शेवटी, तोही मागचा पट्टा धरून पुढे ओढत, डोळे मिटून, मान थोडी खाली झुकवून. काठावर साचलेलं पाणी खाली पडलं पाहिजे, आत नाही. मग पुन्हा हात आणि चेहरा, विशेषतः केसांची रेघ आणि भुवया धुवा. भुवयांत अडकलेलं औषध रात्री आंघोळ करताना डोळ्यात उतरतं आणि तेव्हा त्याचा संबंध कामाशी कुणी लावत नाही.

डोळे धुण्याची सोय कामाआधी

इथे थोडं गणित करू. डोळे धुण्याच्या यंत्रांसाठीचं अमेरिकी मानक, एएनएसआय झेड358.1, सांगतं की मिनिटाला निदान 1.5 लिटर पाणी सलग 15 मिनिटं मिळालं पाहिजे. म्हणजे साडेबावीस लिटर. कमरेला अडकवलेली लिटरभराची बाटली त्या हिशेबाने मिनिटभरही पुरत नाही. ती फक्त नळापर्यंत पोहोचण्यासाठी. तेच मानक म्हणतं की धुण्याची जागा 10 सेकंदांत गाठता आली पाहिजे, वाटेत दार, पायरी किंवा सामान नको, झडप एका सेकंदात उघडून हात सोडल्यावरही उघडी राहिली पाहिजे आणि पाणी 16 ते 38 अंश सेल्सिअस असावं.

नळ नसलेल्या ठिकाणी निदान 25 लिटर पिण्याचं पाणी, तोटी असलेल्या कॅनमध्ये, चेहऱ्याच्या उंचीला बसेल अशा स्टँडवर, सावलीत ठेवा. उन्हात तापलेल्या पाण्याने कुणी पंधरा मिनिटं डोळा उघडा धरू शकत नाही. पाणी रोज बदला. मिसळण्याच्या जागेजवळच तो कॅन हवा. एका ठिकाणी मी पाहिलं की आयवॉश अगदी नियमाप्रमाणे बसवलेला होता आणि त्याच्यासमोर रिकामे ड्रम रचलेले होते. बसवलेलं यंत्र आठवड्यातून एकदा चालवून बघा. साचलेलं गंजकं पाणी तेव्हाच निघून जातं.

गेलंच तर

ओरडा. मदत हवीच, कारण डोळ्यात काही गेलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही. जवळच्याने त्याला धरून पाण्याकडे न्यावं. निर्जंतुक द्रावण शोधत बसू नये, स्वच्छ पाणी कोणतंही चालतं. पहिली काही सेकंदं पुढच्या सगळ्या औषधांपेक्षा मोलाची असतात.

बाधित डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं करा, म्हणजे वाहणारं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. धार मंद, नाकाच्या बाजूने बाहेर. वेदनेने पापण्या आपोआप घट्ट मिटतात. त्या दोन बोटांनी उघड्या धरा, स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याने, हात धुऊन किंवा स्वच्छ हातमोजा घालून. धुताना वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगा, वरची पापणी पुढे ओढून तिच्या आतही पाणी जाऊ द्या. कॉन्टॅक्ट लेन्स पाण्याबरोबर सहज निघाली तर काढा, पण ती शोधण्यासाठी धुणं थांबवू नका. चुन्याचा किंवा भुकटीचा कण दिसला आणि पाण्याने हलला नाही, तर ओल्या कापसाच्या काडीने पापणीवरून अलगद टिपा. बुबुळावर काडी फिरवू नका.

घड्याळ लावा. निदान 15 ते 20 मिनिटं. चुना, कॉस्टिक, हायपोक्लोराइट किंवा कोणताही अल्कली असेल तर अर्धा तास, आणि दवाखान्याच्या वाटेतही बाटलीने चालूच. त्या वेळात दुसऱ्या कुणीतरी गाडीची व्यवस्था करावी. सोबत भिजलेले कपडे, शर्ट आणि टोपीही काढा, नाहीतर वरून परत ओघळत राहतं.

ॲसिड गेलं म्हणून सोड्याचं पाणी, कॉस्टिक गेलं म्हणून व्हिनेगर, असला हिशेब करू नका. त्या क्रियेत उष्णता निघते आणि जखम वाढते. दूध, तेल, घरात पडून असलेले थेंब, काही नको. डोळा चोळायचा नाही, पट्टी बांधायची नाही. बधिर करणारे थेंब दवाखान्यातच.

डोळा लाल नाही, पांढराशुभ्र आहे, दुखतही नाही, म्हणजे काही झालं नाही असं समजू नका. तीव्र अल्कलीने पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्याच जळतात आणि म्हणून तो पांढरा दिसतो. बुबुळाच्या कडेला ज्या पेशी असतात त्यांच्यापासून बुबुळाचं आवरण पुन्हा पुन्हा तयार होत असतं. त्या कडेचा रक्तपुरवठा तुटला तर आवरण भरून येत नाही. लाल डोळ्यापेक्षा असा शांत पांढरा डोळा डॉक्टरांना जास्त काळजीत टाकतो.

दवाखान्यात जाताना डबा किंवा त्यावरच्या लेबलचा स्पष्ट फोटो, एसडीएस, आणि धुणं किती वाजता सुरू केलं ती वेळ सोबत न्या. तिथे डोळ्यातल्या पाण्याचा सामू पट्टीने मोजतात, तो 7 ते 7.4 च्या आसपास आला की धुणं थांबवून काही मिनिटांनी पुन्हा मोजतात, कारण आत उरलेले कण तो परत बिघडवू शकतात. तिथेही कुणी ताबडतोब धुवायला घेतलं नाही तर संकोच न करता विचारा: ‘सामू बघितला का? आणखी धुवायचं का?’ कीटकनाशक असेल तर मळमळ, घाम, लाळ, छाती जड वाटणं, यातलं काहीही असल्यास सांगा, आणि बाहुली बारीक झाली असेल तर तेही.

कामावर परत आल्यावर ते यंत्र तसंच दुसऱ्याच्या हाती देऊ नका. फुटलेलं वॉशर किंवा चिरलेली नळी फेकण्याआधी बाजूला काढून ठेवा, त्याच खेपेत घेतलेल्या बाकीच्या यंत्रांवर तेच वॉशर बसलेलं असतं.